शून्य रुपयाची तिकिटं आणि पाच किलो मसाला

आजी गेली तेव्हा कळलं की आमच्या कंपनीच्या नियमांत आजी 'जवळच्या नात्यात' बसत नाही. आई, वडील, नवरा, मुलं, भावंडं गेली तर भरपगारी रजा आहे. आजी-आजोबांचा रकानाच नाही. "शिल्लक रजेतून टाका," असं उत्तर आलं, शेवटी हात जोडल्याचं चित्र. मी शिल्लक रजा टाकली, ती संपल्यावर बिनपगारी टाकली. आई-बाबांच्या नोकऱ्यांपायी सहावीपर्यंत मी जिच्या कुशीत झोपले, ती बाई मनुष्यबळ खात्याच्या लेखी माझी कुणी लागत नव्हती. राग आला. आता वाटतं, पहिले दोन दिवस त्या रागानेच निभावले. रडण्यापेक्षा चिडणं सोपं जातं.

वाईजवळ कृष्णाकाठी आमचं गाव. आजी ८२ वर्षांची होती. संक्रांत होऊन गेली होती, हरभरा घाट्यांवर आला होता. दोन दिवस कणकण, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे घरातच गेली. दवाखाना नाही, नळ्या नाहीत, कुणाला तिची सेवा करावी लागली नाही. "म्हातारीचं सोनं झालं," येणारा प्रत्येक जण म्हणायचा. खरंच होतं ते. पण पहाटे पाचला फोन वाजल्यावर असल्या खरेपणाचा काही उपयोग होत नाही.

दुःखाचं मी फार लिहिणार नाही, ते ज्याचं त्याला माहीत असतं. या वर्षात मधूनच जे हसू आलं, चक्क मजा आली, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही. बोललं तर समोरचा जरा चमकतोच.

सुतकातलं घर बाहेरून वाटतं तसं शांत नसतं. आमच्याकडे तर लग्नाइतकी गर्दी. चूल बंद, त्यामुळे भावकीतून पिठलं-भाकरी, आमटी-भात, कुणाकडून कांदा-मुळ्याची कोशिंबीर. कुणाचा डबा कुठला हे लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आलं. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात, पण निम्म्या भांड्यांवर दुसऱ्याच कुणाची. लग्नात आलेली भांडी फिरत फिरत गावभर झालेली. एका पातेल्यावर आजीचंच नाव निघालं. ते शेजारच्या काकूंकडून आमटी घेऊन आलं होतं. केव्हा गेलं होतं कोण जाणे. काकू ओशाळल्या आणि पातेलं इथंच ठेवा म्हणाल्या. आई म्हणाली, न्या हो, तुमच्याकडेच रुळलंय ते.

पोरं शेतातून हरभऱ्याचे ढाळे उपटून आणायची आणि अंगणात सोलत बसायची. मोठ्यांनी सुरुवातीला दटावलं, मग तेही सोलायला बसले.

तिसऱ्या दिवशी सावडलं. थोडी रक्षा नदीत सोडली, बाकीची शेतात. आमच्या भागात हल्ली बरेच जण हे करतात. बांधाला खड्डा काढायचा, त्यात रक्षा टाकायची आणि वर झाड लावायचं. काकांनी केशर आंब्याचं कलम आणून ठेवलं होतं. चुलत आजोबा कुरकुरले, रक्षा वाहत्या पाण्यातच जायला पाहिजे म्हणाले. काकांनी मान डोलावली आणि करायचं तेच केलं. आमच्या घरात वाद असाच मिटतो.

दहावा तोंडावर आला तेव्हा आत्याने आजीची पत्र्याची पेटी उघडली. लुगडी, चंची, अडकित्ता, पोस्टाचं पासबुक आणि हिंगाच्या रिकाम्या डब्या. आजी काही टाकून देत नसे, तेव्हा डब्यांचं नवल नव्हतं. पण त्या हलक्या लागेनात. झाकण काढलं तर आत एसटीची तिकिटं. सुरळी करून, रबर लावून, दाबून बसवलेली.

७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला तो २६ ऑगस्ट २०२२ पासून. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून हातात द्यायचा. आजीला त्या तिकिटाचं भारी अप्रूप होतं. बाकीचे उतरल्यावर चुरगळून टाकतात, ती घडी घालून कनवटीला लावायची. पण ती जाऊन जाऊन जाणार कुठे? सातारला डोळे दाखवायला, कोरेगावला आत्याकडे, झालंच तर मांढरदेवीला. आमचा समज तोच होता.

मशीनच्या तिकिटाचा कागद टिकत नाही. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने अक्षरं उमटतात आणि काही महिन्यांत उडतात. सगळ्यात जुनी तिकिटं नुसत्या करड्या पट्ट्या होऊन गेलेली. पण बरीचशी उजेडाकडे तिरपी धरली की लागत होती. आम्ही चुलत-मावस-आते मिळून सगळी भावंडं ओटीवर गोल करून बसलो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो काढायचा. प्रत्येक कागदाला हिंगाचा वास. सातारा. सातारा. कोरेगाव. पंढरपूर. कोल्हापूर. जेजुरी. परत पंढरपूर. मग एका भावाने जोरात वाचलं, "अक्कलकोट!"

"ही अक्कलकोटला कधी गेली?" काकांनी विचारलं.

आत्या एकदम लुगड्याच्या घड्या नीट करायला लागली. तिला सगळं माहीत होतं. निम्म्या वेळा तीच बरोबर होती. "मला अर्धं तिकीट आणि तिला फुकट. म्हणायची, तुझं अर्धं मी भरते, चल. मी काय करू?" मार्च २०२३ पासून बायकांना एसटी अर्ध्या तिकिटात झाली, तेव्हापासून हा उद्योग वाढला होता. घरी सांगायचं, आत्याकडे चालले. आत्याच्या घरी सांगायचं, आईला देवाला न्यायचंय. दोन्ही घरांत कुणी जास्त विचारलं नाही.

एका डबीत वेगळाच कागद निघाला. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. धाकट्या भावाने लगेच ओळखलं, पुणे मेट्रो. स्वारगेट ते सिव्हिल कोर्ट.

२०२४ च्या सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली, ते आजीने टीव्हीवर पाहिलं होतं. गाडी मुठा नदीच्या खालून जाते हे कळल्यापासून तिने आत्याच्या मागे टुमणं लावलं. दिवाळी झाल्यावर दोघी सकाळच्या गाडीने स्वारगेटला उतरल्या. सरकत्या जिन्यावर पाय ठेवायला आजीने साफ नकार दिला, म्हणून लिफ्टने खाली. मेट्रोने गेल्या, तशाच परत आल्या, स्टँडवर वडापाव खाल्ला आणि दुपारच्या गाडीने वाई. "नदी वर हाय, आपण खाली, आणि अंगावर एक थेंब न्हाई," हे आजी खंबाटकी घाटापर्यंत म्हणत होती म्हणे.

मी स्वारगेटपासून रिक्षाने वीस मिनिटांवर राहते.

"मग माझ्याकडे का नाही आली?"

"मी म्हटलं तिला," आत्या म्हणाली. "म्हणाली, तिला हापिस असतंय. आपण गेलो की रजा टाकंल. रजा काय फुकट मिळती व्हय?"

मी उठून परसात गेले. बऱ्याच वेळाने परत आले तर अक्कलकोटवरून काका आणि आत्याचं जुंपलं होतं आणि बाकीचे पोट धरून हसत होते. भेटायला आलेल्या दोन बायका दारातच थबकल्या होत्या. आपण चुकीच्या घरी आलो की काय, असा चेहरा.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवले. कावळा शिवला नाही तर काय काय कबूल करायचं याची काकांनी मनात यादी करून ठेवली होती: भाऊ भांडणार नाहीत, आत्याचा मान राखू, देवघराचं छत यंदा नीट करू. इकडे सगळे मागे सरून उभे राहतायत तोवर कावळा आला, पिंडावर बसला, भाताचा घास चोचीत घेतला आणि गेला. एक मिनिटही झालं नसेल. काकांचे हात जोडायचेच राहिले. घरी परत येताना ते जरा नाराजच होते. इतकी वर्षं सगळ्यात बोट घालणारी आई, तिची एवढ्यातेवढ्यावर काही इच्छा राहिली नाही? आत्या म्हणाली, "राहील कशी? सगळीकडे जाऊन आली होती." देवघराचं छत अजून गळतं, हे जाता जाता सांगायला हवं.

खरं अवघड सुरू झालं ते पुण्याला परतल्यावर. गावात रडायला माणसं असतात, बरोबर हसायलाही असतात. पुण्यात संध्याकाळी सातला कुलूप उघडायचं की घर तसंच. रोज साडेसातला आजीचा फोन यायचा. "जेवलीस का" हा प्रश्न आणि मग गावातल्या कुणाचं काय झालं याची बातमी. फोन वाजायचा बंद झाला तरी मी सव्वासातलाच चहा करून बसायचे. मंडईत नऊवारीतली एखादी म्हातारी वाकून मेथी निवडताना दिसली की भाजी न घेताच परत फिरायचे.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. मन रमव. ट्रेकला जा. रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिही. लिहायला बसले तर तिन्ही ओळी आजीच्याच यायच्या, मग वही बंद. एका मैत्रिणीने दुःखाच्या 'पाच पायऱ्यां'चा तक्ता पाठवला: नकार, राग, सौदेबाजी, खिन्नता, स्वीकार. मी त्यावर स्वतःला शोधत बसले. नंतर वाचलं की १९६९ मध्ये मांडलेल्या त्या पायऱ्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून सुचलेल्या होत्या, मागे राहिलेल्यांसाठी त्या नंतर वापरात आल्या. मला हायसं वाटलं. चढायला पायऱ्याच नव्हत्या तर कितवीवर आहे याची काळजी कशाला! आजीच्या लुगड्यांची आठवण-गोधडी शिवून घे, असंही कुणी सुचवलं. पुण्यात असं शिवून देणारे आहेत, काम सुरेख असतं. पण आजीने स्वतः शिवलेली गोधडी माझ्याकडे आहे आणि तिचे टाके सरळ नाहीत. सरळ टाक्यांची दुसरी नको होती.

मला रमायचं नव्हतंच मुळी. तिच्या कामात राहायचं होतं, आणि तिची कामं घरात पडून होती.

त्यातलं पहिलं कागदांचं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत केली तर खटपट लागत नाही, पुढे विलंब शुल्क, परवानग्या, प्रतिज्ञापत्रं. आम्ही वेळेत ग्रामपंचायतीत गेलो. फॉर्म भरणाऱ्याने विचारलं, "मयताचा व्यवसाय?" काका सवयीने म्हणाले, "घरकाम." आई मागे उभी होती. आई आणि आजीचं तीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नाही, अगदी भातात पाणी किती यावरही. ती पुढे आली. "शेती लिहा. घरकाम मी करत होते." त्याने खाडाखोड करून शेती लिहिलं. बाहेर आल्यावर आईने चहाचे पैसे दिले. हेही सहसा घडत नाही.

वारस नोंद, रेशनकार्डातलं नाव कमी करणं, पोस्टाचं खातं हे सगळं पुढे बरेच महिने रेंगाळलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखा आहे तो मसाला.

आमच्या सातारा-कोल्हापूरकडे कांदा-लसूण मसाला उन्हाळ्यात एकदाच करतात, वर्षाचा. बरणी तळाला गेली की घरात अस्वस्थता येते. आजीने केलेल्या शेवटच्या मसाल्याची बरणी मार्चअखेर तळाला गेली. आई चमचा वरवर लावायला लागली, भाज्या फिक्या व्हायला लागल्या, पण 'मसाला संपत आला' हे कुणी मोठ्याने म्हणेना. शेवटी मीच विषय काढला. आत्याला कोरेगावहून बोलावून घेतलं आणि पहिल्याच संध्याकाळी कळलं की आजीचं प्रमाण कुणालाच माहीत नाही. आईने वजनं लिहून ठेवली होती: मिरचीला धणे इतके, खोबरं इतकं. आत्या म्हणाली, सगळं चूक, आई मुठीने घ्यायची. मूठ कुणाची? आजीचा हात लहान, आत्याचा मोठा. मग आजीची जर्मनची वाटी काढली. तिला एका बाजूने पोचा आहे, त्या पोच्यापर्यंत तीळ भरायचे की काठोकाठ, यावर दोघी रात्री अकरापर्यंत भांडल्या. आजी गेल्यापासून त्या घरात इतका आवाज झाला नव्हता. मी पलीकडच्या खोलीत पडून ऐकत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

मिरच्या आणल्या. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. या दोन्ही कर्नाटकातून येतात आणि आम्ही त्यांना आपलंच म्हणतो. देठं काढायला शेजारच्या बाया आल्या. गच्चीवर जुन्या लुगड्यावर मिरच्या पसरल्या. यंदा, म्हणजे २०२५ ला, मे महिन्यातच पावसाने ठाण मांडलं, मॉन्सूनही मे संपायच्या आत राज्यात आला. दुपारी तीनला आभाळ भरून आलं की खालून हाक, "मिरच्याऽऽ!" आणि घरातलं असेल नसेल ते माणूस जिन्याने वर. लुगड्याची चार टोकं चौघांनी धरायची आणि खाली पळायचं. बाबा निवृत्त झाल्यापासून इतक्या चपळाईने कुठे गेलेले मी पाहिले नव्हते. कांदा चिरून तो वेगळा वाळवला, तोही असाच वर-खाली करत. एरवी दोन दिवसांचं ऊन पुरायचं, यंदा तेवढं लागायला आठवडा गेला.

मग भाजणं. एकेक जिन्नस थोड्या तेलावर, वेगवेगळा. धणे, तीळ, खसखस, खोबऱ्याच्या कातळ्या, लवंगा, दालचिनी, चक्रीफूल, नाकेश्वर, हळकुंडं, हिंगाचे खडे. हिंग तेलात पडला की फुलतो, पांढरट होतो आणि हलका होऊन वर येतो. तो वास आला आणि मला तिकिटं आठवली. आत्यालाही आठवली असणार. झारा हलवता हलवता ती म्हणाली, "अक्कलकोटला तिचं एक पायताण हरवलं. नवं घेईना. वाईपर्यंत एका पायाने आली." हे तिने तोवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाईकडे अजून काय काय साठलंय कुणास ठाऊक.

डंकावर मी आणि आत्या गेलो. ज्यांनी डंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी: पत्र्याच्या शेडमध्ये एका रांगेत उखळं, आणि वरून यंत्राने उचलून आपटणारे जड मुसळासारखे खांब. गिरणीत मसाला दळला जातो, इथं कुटला जातो. आवाजात काही ऐकू येत नाही आणि ठसक्याने बोलता येत नाही. सगळे तोंडाला फडकी बांधून खुणांनी व्यवहार करतात. डंकवाल्याने आमचे डबे उघडून पाहिले, एकेकात बोट घातलं आणि यंत्र बंद केलं.

"हा म्हातारीचा न्हाई."

आत्या म्हणाली, तिचाच आहे, मी तिची लेक.

"असाल. पण म्हातारी दगडफूल दुप्पट टाकायची. आणि हे तिरफळ कुठनं आलं? तिनं कधी घातलं न्हाई."

त्रिफळ आईचं होतं. दगडफुलाबद्दल दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं आजी त्या शेडमध्ये उखळाशेजारी स्टुलावर बसून मसाला कुटून घ्यायची. घरातल्यांनी कधी विचारलं नाही, आणि हा माणूस दर उन्हाळ्यात तिचे डबे बघत आला होता. त्याने पोराला पाठवून दुकानातून दगडफूल मागवलं. त्रिफळ निवडून बाजूला काढलं. दगडफूल भाजायचं राहिलं म्हणून ते शेजारच्या चहावाल्याकडे त्याच्याच कढईत भाजून आणलं. मिरच्या आधी, मग खडा मसाला, शेवटी तळलेला कांदा, लसूण आणि मीठ. मसाल्याने रंग बदलायला सुरुवात केली तसा त्याने चिमूटभर तळहातावर घेतला आणि मला दाखवला. "लई बारीक नको म्हणायची. डोळ्याला दिसला पायजे."

पाच किलो झाला. गरम डबे मांडीवर घेऊन आम्ही रिक्षात बसलो. आत्या शिंकत होती, डोळे पुसत होती आणि मध्येच म्हणत होती, "दुप्पट दगडफूल! आणि मला सांगत होती, चिमूटभर टाक." त्या संध्याकाळी आईने वांग्याचं भरीत टाळून मुद्दाम साधी बटाट्याची रस्साभाजी केली, चव लपू नये म्हणून. बाबांनी पहिला घास घेतला. काही बोलले नाहीत, भाकरी मोडून रश्श्यात कुस्करली आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. माझा पुण्याचा डबा आईने दोन पिशव्यांत बांधला तरी बसमध्ये शेजारच्या बाईने ओळखलं. "घरचा का?"

आषाढात आईनेच विचारलं, चांदोबाच्या लिंबाला जायचं का? माउलींची पालखी नीरा नदीत स्नान करून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते आणि तिथून तरडगावला जाताना वाटेत चांदोबाचा लिंब येथे वारीतलं पहिलं उभं रिंगण होतं. आजी दरवर्षी जायची. आई कधीच गेली नव्हती, सासू बाहेर पडली की घराचं तिलाच बघावं लागायचं. आम्ही दोघी खंडाळ्यावरून गेलो. लोणावळ्याचं नव्हे, आमच्या साताऱ्याचं खंडाळा. दोघींचं अर्धं तिकीट. लोणंदच्या पुढे गाड्या थांबवल्या होत्या, तिथून गर्दीबरोबर पायी.

रिंगण म्हणजे आखलेलं मैदान असेल असं आईला वाटत होतं. इथं नुसता रस्ता. दोन्ही कडांना दिंड्या उभ्या राहतात, मध्ये वाट मोकळी ठेवतात आणि त्या वाटेने दोन अश्व पालखीपर्यंत दौडत येऊन परत जातात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी, त्यावर माउली बसतात. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटोपतं. त्यासाठी आम्ही चार तास उभ्या होतो. घोडे आमच्यासमोरून गेले तेव्हा मला समोरच्या माणसाची टोपीच दिसली. आईला मात्र दिसलं. ती उंच आहे. आणि घोडे जाताच सगळे टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, त्यात माझी आईसुद्धा. जिने आयुष्यभर आजीच्या देवदेवाला 'रिकामपण' म्हटलं, ती गुडघ्यावर बसून माती गोळा करत होती. रुमालाच्या टोकाला बांधली. मग एका दिंडीतल्या बायका फुगडी घालत होत्या, त्यांनी हिला ओढलं. आईला गुडघ्यांचा त्रास आहे. दोन गिरक्या झाल्या आणि ती धापा टाकत माझ्या खांद्यावर येऊन कोसळली. हसू आवरेना तिला. परतीच्या बसमध्ये म्हणाली, "दरवर्षी एकटीच मजा करून यायची म्हातारी. आणि घरी येऊन पाय दुखले म्हणून माझ्याकडून चेपून घ्यायची."

मी सासू-सुनेचं नातं गोड करून सांगत नाहीये. ते गोड नव्हतं. आजी गेल्यावर आईला सुटल्यासारखं वाटलं असेल तर त्यात गैर काही नाही. पण तिलाही कुणाची तरी कमी भासत होती आणि ते दाखवायची तिची पद्धत ही होती.

गौरी-गणपती यंदा साधेच. दिवाळीत कढई चढवायची नाही असा आमच्याकडे रिवाज, पहिल्या वर्षी फराळ भावकीतून आणि शेजारून येतो. तो इतका आला की ठेवायला जागा नव्हती. नऊ घरांच्या चकल्या एका टेबलावर. बाबांनी आणि धाकट्या भावाने प्रत्येक डब्याला चिठ्ठी लावून गुण द्यायला सुरुवात केली. खुसखुशीतपणा, तेल, काटा. आजी असती तर तिने एकीलाही पास केलं नसतं, यावर मात्र घरात एकमत होतं. चुलत आजोबांच्या घरची पहिली आली. निकाल बाहेर जाऊ द्यायचा नव्हता, तो पाडव्यापर्यंत गावभर झाला होता.

आता येत्या पौषात वर्षश्राद्ध. आत्याचं म्हणणं, आलेल्या प्रत्येकाला पावशेर मसाला द्यायचा. आईचं म्हणणं, पाचातला दीडच किलो उरलाय आणि उन्हाळा लांब आहे. डंकवाल्यालाही बोलवायचं ठरलंय. तो येतो म्हणाला, पण जेवायला काय आहे ते आधी विचारून घेतलं.

आणि ते केशरचं कलम. उन्हाळ्यात शेजारच्याची शेळी दाव्यातून सुटली आणि तिने ते जवळजवळ बुंध्यापर्यंत खाऊन टाकलं. काका दोन दिवस जेवले नाहीत. आत्याला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली, कारण आजी जन्मभर दुसऱ्यांच्या शेळ्यांना आपला पाला घालायची आणि काकांची बोलणी खायची. पावसानंतर त्याला फुटवा आला, जोमदार, तांबूस पानांचा. पण तो कलमाच्या जोडाखालून आलाय. म्हणजे वरचा केशर गेला, खालची गावठी कोय वर आली. याला लागले तर रायवळ आंबे लागतील. "लोणच्याला रायवळच पायजे, त्या केसराला काय चव," हे आजीचं मत घरात सगळ्यांना पाठ आहे. काका तो उपटून नवं कलम लावायच्या विचारात आहेत. आत्याने कळवलंय, हात लावून दाखवा. तूर्त भोवती बोराटीच्या फांद्या रोवल्यात आणि शेळी आता दुसऱ्या वावरात बांधतात.